वर्षानुवर्षं उभी असलेली एमजीबी पुन्हा सुरू करताना

गॅरेज उघडायचं, कव्हर ओढून काढायचं, नवी बॅटरी लावायची आणि थेट सेल्फ मारायचा. जुन्या गाडीच्या इंजिनाचं सगळ्यात जास्त नुकसान याच घाईत होतं. गाडी दहा-पंधरा वर्षं उभी राहिली की बेअरिंग आणि कॅमवरचं ऑइल ओघळून तळाशी जातं, सिलिंडरच्या भिंतींवर गंजाची बारीक लव येते. असं कोरडं इंजिन सुरू झालं तर पहिल्या काही सेकंदांतच धातूवर धातू घासतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी ऑइल, मग ठिणगी, मग पेट्रोल. आणि चाक हलण्याआधी ब्रेक.

उदाहरणासाठी एमजीबी घेतली आहे. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही स्पोर्ट्स कार तयार झाली. जीटी (पक्क्या छपराची आवृत्ती) धरून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या आणि ब्रिटनमधल्या गॅरेजांतून आजही त्या झाकून ठेवलेल्या सापडतात. १७९८ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर, आणि जवळपास प्रत्येक सुटा भाग अजून नवा मिळतो. कार्बोरेटर असलेल्या आणि पॉइंटने, म्हणजे उघडझाप करणाऱ्या छोट्या संपर्कांनी, ठिणगी पाडणाऱ्या इतर जुन्या गाड्यांनाही हीच पद्धत थोड्याफार फरकाने लागू पडते.

आधी नुसतं बघा

पहिल्या दिवशी पाना हातात घेऊ नका, टॉर्च घ्या. एअर फिल्टरच्या डब्यांत आणि सायलेन्सरच्या तोंडात उंदरांनी घरटं केलंय का बघा. कुरतडलेल्या वायरी शोधा. मग गाडीखाली वाकून दारांखालचे सिल, म्हणजे पत्र्याच्या पोकळ पट्ट्या, तपासा. एमजीबीला वेगळी चॅसिस नाही, सगळा भार बॉडीच पेलते आणि त्यात सिलचा वाटा मोठा आहे. स्क्रू-ड्रायव्हरने दाबल्यावर पत्रा आत जात असेल, तर तिथे जॅक लावूच नका. अशा गाडीचं वेल्डिंगचं काम आधी, इंजिन नंतर.

बॅटरी सीटच्या मागे, फळीखाली असते. बऱ्याच गाड्यांत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. इथे एक धोका आहे: १९६७ पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या नेमकं उलट. मधल्या मालकाने ते बदललेलंही असू शकतं. बॉडीला गेलेली जाड केबल कुठल्या टोकाची आहे, हे खात्रीने कळेपर्यंत नवी बॅटरी जोडू नका.

इंजिन हाताने फिरवा

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून चमचाभर पातळ ऑइल आत सोडा आणि निदान एक रात्र, जमलं तर दोन दिवस तसंच राहू द्या. मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीच्या नटला पाना लावा आणि हलक्या हाताने फिरवा. समोरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच. उलट फिरवलं तर नट सैल होऊ शकतो. इंजिन हललं नाही तर लांब पाईप लावून जोर करू नका. पुन्हा ऑइल, पुन्हा एक-दोन दिवस. घाई करून पिस्टनची रिंग मोडली तर सगळं इंजिन उघडावं लागतं.

दोन-तीन पूर्ण फेऱ्या सहज झाल्या की जुनं ऑइल काढून टाका, फिल्टर बदला आणि २०डब्ल्यू-५० ग्रेडचं ऑइल भरा. फिल्टरसकट साधारण सव्वाचार लिटर लागतं. आधुनिक गाड्यांचं पाण्यासारखं पातळ ऑइल इथे चालत नाही. या इंजिनातल्या कॅम आणि टॅपेटना जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं, जुन्या गाड्यांसाठीचं ऑइल हवं.

काटा वर आला पाहिजे

सगळ्या कामातला हा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्लग बाहेरच ठेवा. कॉइलची, म्हणजे ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणाऱ्या भागाची, वायर काढा. टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचीही काढा, कारण चावी फिरवली की तोही चालू होतो. आता दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये एक-दोन मिनिटं थांबा, आणि नजर डॅशबोर्डवरच्या ऑइल प्रेशरच्या मीटरवर ठेवा. प्लग नसल्यामुळे इंजिनावर दाब येत नाही, ते हलकं आणि भराभर फिरतं. सुरुवातीला काटा शून्यावर पडून राहील. मग एकदा थरथरेल आणि हळूहळू वर चढेल. तो वर चढला म्हणजे ऑइल बेअरिंगपर्यंत पोचलं. तोपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही.

चार-पाच वेळा करूनही काटा हललाच नाही, तर ऑइलचा पंप कोरडा पडलाय. या इंजिनांत ते नेहमीचं आहे. ऑइल कूलर असेल तर ब्लॉकच्या मागून येणारा पाईप कूलरपाशी सोडवा, त्यातून ऑइल ओता, परत जोडा आणि पुन्हा सेल्फ मारून बघा.

ठिणगी

डिस्ट्रिब्युटरची (ठिणगी चारही प्लगना वाटणाऱ्या भागाची) टोपी काढली की पॉइंटवर राखाडी थर दिसेल. बारीक पॉलिश पेपरने तो घासा, स्वच्छ कागद मधून ओढून कचरा काढा आणि फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. प्लग नवेच घाला, ते स्वस्त असतात, फट ०.६ मिलिमीटरच्या आसपास. कॉइलची वायर परत जोडा, वायरीला लावलेला प्लग ब्लॉकला टेकवून ठिणगी निळसर आणि जोरकस आहे ना बघा. ही तपासणी ताजं पेट्रोल गाडीत येण्याआधीच उरका. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने जोडा.

पेट्रोल

जुनं पेट्रोल वासावरूनच कळतं: उग्र, आंबूस, रंगाच्या डब्यासारखं. ते एक थेंबही वापरू नका. टाकी पूर्ण रिकामी करा आणि तळाशी गंज दिसला तर उतरवून साफ करून घ्या. पेट्रोलचे रबरी पाईप सरसकट बदला. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, भारतात २० टक्क्यांचं मिश्रण मिळतं, आणि जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही. पाईप घेताना त्यावर 'आर९' छापलेलं आहे ना पाहा. ब्रिटनमध्ये ५ टक्के इथेनॉलचं सुपर पेट्रोल भरणं चांगलं.

कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरची झाकणं उघडून आतला काकवीसारखा चिकट थर धुऊन काढा. कार्बोरेटरच्या वरच्या नळकांड्यातला (डॅशपॉटमधला) पिस्टन बोटाने उचलून सोडा. तो टक् आवाज करत खाली बसला पाहिजे. डॅशपॉटमध्ये थोडं पातळ ऑइल घाला.

मग पंपाची वायर जोडा आणि चावी फिरवा, सेल्फ मारू नका. मागच्या उजव्या चाकाच्या बाजूने टक-टक ऐकू येईल, चेंबर भरले की ती थांबेल. आवाजच आला नाही तर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पंपावर हलकेच टिचकी मारा. आतले पॉइंट चिकटलेले असतात. टक-टक थांबलीच नाही, तर पेट्रोल कुठेतरी गळतंय. चावी बंद करून आधी ती गळती शोधा.

सुरू करा

गाडी शक्यतो उघड्यावर ढकलून आणा. अग्निशामक नळकांडं हाताशी, सोबत एक माणूस. रेडिएटरमध्ये ताजं कूलंट भरलेलं असू द्या. चोक पूर्ण ओढून सेल्फ मारा. इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचा काटा लगेच वर आला नाही तर तत्क्षणी बंद करा. आला तर १५०० आरपीएमच्या आसपास चालू द्या. थोडा वेळ निळा धूर येईल, ते आपण सिलिंडरमध्ये सोडलेलं ऑइल जळतंय. पाणी गरम होईपर्यंत होज, पाण्याचा पंप आणि कार्बोरेटरभोवती गळती शोधत राहा.

रस्त्यावर जाण्याआधी

इंजिन चालू झालं की लगेच एक चक्कर मारून यावंसं वाटतं. तो मोह आवरा. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं आणि ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. मागचे व्हील सिलिंडर, पुढचे कॅलिपर आणि तिन्ही रबरी होज तपासून, शंका आली तर नवे घालून, डॉट ४ फ्लुइड भरा आणि ब्लीडिंग करा, म्हणजे आतली हवा काढून टाका. क्लचची हायड्रॉलिक्स याच दुखण्याने बिघडते. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असेल तर पेडल लाकडाच्या ठोकळ्याने रात्रभर दाबून ठेवा, पुष्कळदा सुटते.

टायरवर अजून नक्षी आहे म्हणून फसू नका. बाजूच्या शिक्क्यातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालापूर्वीचा आहे, टाकून द्या.

ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या, मोठे फेरफार न झालेल्या गाडीला एमओटी ही रस्त्यावर चालण्यायोग्यतेची वार्षिक चाचणी सक्तीची नाही, तरी इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीची ती मुद्दाम करून घ्यावी. भारतात अशी गाडी असेल तर ५० वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१पासून वेगळी विंटेज नोंदणी आहे, पण त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही.

पहिली फेरी घराजवळच, कमी वेगात मारा. परत आल्यावर चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात नेऊन बघा. एखादं जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय. इंजिन गरम असताना रस्त्यावर ऑइलचं प्रेशर ५० ते ८० पीएसआय असायला हवं. दोन-तीनशे किलोमीटर झाले की ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, आणि पेट्रोलचा फिल्टर उघडून बघा. टाकीतून अजून गंज येत असेल तर तो तिथे सापडेल.