समुद्री टाकीतलं शेवाळ : ब्रश नंतर, टीडीएस मीटर आधी

डोंबिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये २०० लिटरची समुद्री टाकी आहे. दोन क्लाउनफिश, एक ब्लेनी (शेवाळ चरणारा छोटा मासा), एक क्लीनर श्रिम्प, म्हणजे कोळंबी, आणि दगडांवर मश्रूम नि झोअँथिड, म्हणजे दगडाला चिकटून वाढणारे, प्रवाळांच्या जातकुळीतले मऊ जीव. टाकी लावून आठ महिने झाले तेव्हा मागच्या दगडावर नखाएवढं हिरवं काहीतरी उगवलं. सासूबाई म्हणाल्या, "बघ गं, तुझ्या समुद्रात दूर्वा आल्या." मीही हसले. गणपती येईपर्यंत त्या दूर्वांचं कुरण झालं होतं, मश्रूम दिसेनासे झाले होते आणि मी रात्री अकरा वाजता टॉर्च घेऊन टाकीसमोर बसायला लागले होते.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रिपोर्ट न बघता अँटिबायोटिक घेणाऱ्यांवर मी रोज चिडते, आणि घरी नेमकं तेच केलं. दुकानातून 'शेवाळ घालवणारी' बाटली आणली आणि झाकण मोजून ओतली. शेवाळ जरा फिकट झालं, पाच गोगलगायी मेल्या, आणि दोन आठवड्यांनी कुरण पुन्हा होतं तसं. मेलेलं शेवाळ टाकीतच कुजलं की त्यातलं खत परत पाण्यातच येणार, एवढं साधं गणित तेव्हा डोक्यात आलं नाही.

म्हणून पहिलं काम, आपल्याकडे नक्की काय उगवलंय ते ओळखणं. सगळ्याला 'शेवाळ' म्हणतात, पण उपाय एकमेकांच्या अगदी उलटे आहेत.

नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर कॉफी सांडल्यासारखी तपकिरी पूड बसली तर ते डायटम. बोट फिरवलं की निघतात. पाण्यातलं सिलिकेट संपलं की आपोआप जातात. त्यांच्यासाठी पैसे खर्च करू नका.

लाल-जांभळी, बुळबुळीत चादर, जी ट्यूबने ओढली की अख्खी पापुद्र्यासारखी उठते, ती सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. हे शेवाळ नव्हेच, जिवाणू आहेत. जिथे पाणी साचून राहतं आणि घाण बसते तिथे येतात. चादर ओढून काढा, पॉवरहेडचं (टाकीत पाणी खेळवणाऱ्या पंपाचं) तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा, वाळूवरची घाण दर आठवड्याला सायफन करा. यावर एरिथ्रोमायसिन टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. मी टाकलं नाही आणि टाकणारही नाही. घरातल्या बादलीत प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू वाढवायची हौस मला नाही.

हिरवे, काचेच्या गोटीसारखे फुगे म्हणजे व्हॅलोनिया. ते टाकीच्या आत फोडायचे नाहीत. दगड बाहेर काढून, नखाने मुळासकट उचकटून काढायचे.

हिरवे केस, म्हणजे माझ्या दूर्वा, म्हणजे हेअर अल्गी. त्यातही बघून घ्या : चिमटीत धरल्यावर ओल्या कापसासारखे मऊ लागले आणि सहज तुटले तर साधे केस. पण प्रत्येक काडीला पिसासारख्या किंवा फर्नसारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ते ब्रायोप्सिस. त्याचं पुढे बघू.

आणि शेवटचे, सगळ्यांत वाईट, डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव. तपकिरी, शेंबडासारखे, दोरे लोंबणारे, दोऱ्यांच्या टोकाला हवेचे बुडबुडे. सकाळी टाकी बऱ्यापैकी स्वच्छ, दुपारी चारला दगडांना सर्दी झाल्यासारखं दिसतं. संशय असेल तर तो शेंबूड थोड्या टाकीच्या पाण्यात घ्या, बाटली जोरात हलवा, टिशू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. परत दोरे जमले तर डायनो.

ओळख पटली, आता पाणी. माझी चूक इथे होती, आणि मला वाटतं निम्म्या लोकांची इथेच असते.

मी टाकीत पिण्याच्या आरओचं पाणी घालत होते. आरओ म्हणजे शुद्ध, संपला विषय. पाण्यात किती काय विरघळलंय ते दाखवणारा चारशे रुपयांचा टीडीएस मीटर आणून बुडवला तर आकडा ४८, म्हणजे लिटरला ४८ मिलिग्रॅम. घरच्या बऱ्याच आरओंमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाचा एक बारका स्क्रू असतो. पाण्याला चव यावी म्हणून तो मेंब्रेनमधून न गेलेलं थोडं पाणी परत त्यात मिसळतो. वर मिनरलचं कार्ट्रिज वेगळं. आपल्याला पाणी गोड लागतं ते त्यामुळे.

आता हिशोब करा. समुद्री टाकीतलं पाणी उडतं तेव्हा नुसतं पाणी उडतं, मीठ आणि बाकी सगळं मागे राहतं. मे महिन्यात टाकीवर पंखा लावला की आमच्याकडे दिवसाला चार लिटर भरावं लागतं. चार लिटर गुणिले ४८ मिलिग्रॅम, गुणिले तीस दिवस : महिन्याला पावणेसहा ग्रॅम काहीतरी टाकीत पडतंय. त्यातलं सगळंच शेवाळाचं खत नसेल, पण नायट्रेट किती, फॉस्फेट किती, सिलिकेट किती, हे मीटर सांगत नाही. आठ महिने मी टाकीला रोज थोडं थोडं खत घालत होते आणि वर टाकीलाच नावं ठेवत होते.

उपाय फार महाग नाही. सर्व्हिसला येणाऱ्या दादांकडून मेंब्रेननंतर लगेच, कंट्रोलरच्या आधी, एक टी, म्हणजे नळीला वेगळा फाटा, काढून घेतली. त्या नळीवर डीआय रेझिनचं, म्हणजे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचं, कार्ट्रिज लावलं. आकडा ०. टाकीसाठी त्याच नळीचं पाणी, पिण्याचं पाणी जसंच्या तसं. दर शनिवारी मीटर बुडवायचा, ०च्या जागी २ दिसले की रेझिन बदलायचं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा आधीचा सेडिमेंट फिल्टरही लवकर बदलावा लागतो, नाहीतर मेंब्रेनच जातं.

मग टाकीचं पाणी तपासा. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (साधारण लिटरला तेवढे मिलिग्रॅम), फॉस्फेट ०.०३ ते ०.१, एवढं असू दे. असू दे म्हणजे असायलाच हवं, शून्य नको. यावर पुढे माझी फजिती आहेच. आणि एक लक्षात ठेवा : टाकी हिरवीगार असताना टेस्ट शून्य दाखवू शकते, कारण पाण्यात आलेलं सगळं शेवाळ त्याच क्षणी खाऊन टाकतं. "माझं फॉस्फेट तर शून्य आहे, मग शेवाळ कशाने?" असं विचारणाऱ्याचं फॉस्फेट शेवाळाच्या पोटात असतं.

दुसरा खताचा कारखाना होत्या सासूबाई. दुपारी त्या घरी एकट्या असतात. मासे काचेशी येऊन तोंड उघडझाप करतात, त्यांना वाटतं बिचारे उपाशी. त्यामुळे माझ्या सकाळच्या खाण्यावर त्यांची एक चिमूट, मग मुलाची एक. ओरडून उपयोग नव्हता. त्यांच्याच गोळ्यांची ती सोमवार ते रविवार कप्प्यांची डबी असते ना, तशी एक नवी आणली. रविवारी रात्री प्रत्येक कप्प्यात त्या दिवसाचे दाणे मोजून भरायचे. घालायला कोणीही घाला, कप्पा रिकामा झाला की त्या दिवसाचं जेवण संपलं. फ्रोझन मायसिस (माशांच्या खाण्याची बारीक कोळंबी) असेल तर क्यूब गाळणीत घेऊन आरओच्या पाण्याने धुवा, ते गुलाबी पाणी टाकीत जाऊ देऊ नका.

दिवे मी अकरा तासांवरून आठ तासांवर आणले. खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उन्हाला पडदा.

आता ब्रश. हात घालण्याआधी एक गोष्ट गंभीरपणे : झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय ते दगड घासायचे नाहीत, आणि शेवाळ मारायला दगडावर उकळतं पाणी ओतणं किंवा दगड उकळणं तर अजिबात नाही. वाफेतून ते विष छातीत गेलं की माणूस थेट हॉस्पिटलमध्ये.

मी एका वेळी एकच दगड काढते. बादलीत टाकीतलंच पाणी, त्यात दगड. आधी चिमटीने केस मुळापासून उपटायचे, केस ओढतो तसे, तुटक नाही. मग जुन्या टूथब्रशने खाचांमधून घासायचं. पाणी पालकाच्या सूपसारखं होतं. दगड दोनदा खळबळून घ्या, ते पाणी फेकून द्या. जो दगड निघत नाही त्यासाठी टूथब्रशला रबरबँडने एअरलाइनची (हवेच्या पंपाची) बारीक नळी बांधा आणि दुसरं टोक खाली बादलीत. घासलेलं तिथल्या तिथे ओढलं जातं, टाकीभर उडत नाही. या नळीने तेवढंच पाणीही जातं, म्हणजे आठवड्याचं दहा टक्के पाणी बदलण्याचं काम त्यातच उरकतं.

खाचांत उरलेल्या मुळांसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये मिळतं ते बहुधा ६ टक्क्यांचं असतं, बाटलीवर '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं. तेवढंच आरओचं पाणी घालून ३ टक्के करा. दगड बाहेर असताना, ज्या भागावर मश्रूम किंवा झोअँथिड नाहीत तिथे सिरिंजने थेंब थेंब सोडा. पांढरा फेस येतो. दोन मिनिटं थांबा, टाकीच्या पाण्यात धुवा, परत ठेवा. त्या दिवशी काहीच झालेलं दिसत नाही. तिसऱ्या दिवशी तो भाग राखाडी पडतो आणि गोगलगायी त्यावर जमतात. श्रिम्पला पेरॉक्साइड सोसत नाही, म्हणून मी ते सरळ टाकीत कधी ओतत नाही. आणि आठवड्याला एकच दगड. सगळे एकदम घासले तर त्यावरचे उपयोगी जिवाणूही एकदम जातात.

गोगलगायींकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्या आखूड खुंट खातात, बोटभर लांब केस नाही. आधी कापणी आपण करायची, मग त्यांना सोडायचं.

ब्रायोप्सिस निघालं तर मात्र घासून भागत नाही. त्याला फ्लुकोनाझोल लागू पडतं, साधारण ५ मिलिग्रॅम दर लिटरला. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवायचा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो, आणि दोन आठवडे वाट बघायची. हे माणसांचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. आधी ते खरंच ब्रायोप्सिस आहे का याची खात्री करा.

आता ती फजिती. एवढं सगळं करून शेवाळ निम्म्यावर आलं होतं. थांबायला हवं होतं. पण मला टाकी चित्रातल्यासारखी हवी होती. फॉस्फेट ०.१२ दिसलं म्हणून दाण्यांतून पाणी फिरवणाऱ्या रिअ‍ॅक्टरमध्ये जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे, सांगितल्याच्या दुप्पट भरले. नऊ दिवसांत फॉस्फेट ०.००. केस खरंच गळाले. मी मैत्रिणींना फोटो पाठवले. पुढच्या आठवड्यात वाळूवर तपकिरी दोरे आले, वर बुडबुडे, आणि उरलेल्या गोगलगायी एकेक करून उलट्या पडायला लागल्या.

डबीत नमुना भरून लॅबमध्ये नेला. डॉक्टर मॅडमना विचारून जेवणाच्या सुट्टीत स्लाइड लावली. ४०० पटीत बघितलं : तिळाच्या आकाराच्या पेशी, एका टोकाला दोरी बांधल्यासारख्या, एकाच जागी गोल घुटमळणाऱ्या. ऑस्ट्रिओप्सिस. डायनोचाच एक प्रकार. पाणी उपाशी पडलं की बाकीचं शेवाळ आणि जिवाणू मागे हटतात आणि हे मोकळ्या रानात घुसतात. गवत मारायच्या नादात मी शेताची नुसती खडी केली होती.

इथे सगळं उलटं करायचं. जीएफओ बाहेर. पाणी बदलणं बंद. सासूबाईंना सांगितलं, "आई, आता घाला दुपारचं." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. नायट्रेट ८ आणि फॉस्फेट ०.०८ वर आणून तिथेच धरून ठेवलं. ऑस्ट्रिओप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतात, म्हणून यूव्ही, म्हणजे पाणी अतिनील दिव्यासमोरून नेणारं यंत्र, लावला आणि तो रात्रभर चालू. तीन दिवस दिवे पूर्ण बंद, टाकीवर गोधडी. (वाळूतच राहणारे डायनो असतील तर यूव्हीचा उपयोग होत नाही, म्हणून स्लाइड बघणं गरजेचं. शाळा-कॉलेजात कोणी जीवशास्त्र शिकवणारं ओळखीचं असेल तर विचारा.) सात आठवडे लागले. मध्ये थोडं हिरवं परत उगवलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला उठवून दाखवलं.

एक राहिलं. शेवाळलेले दगड फेकून "मालवणहून छान दगड आणू" असा विचार कोणाच्या मनात येत असेल तर नको. खडक घडवणारे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मालवणला सागरी अभयारण्य आहे. कोरडे दगड विकत घ्या, आणि टाकीत घालण्याआधी काही आठवडे आरओच्या पाण्यात भिजत ठेवून ते पाणी तपासा. जुन्या दगडांमधून महिनोन्‌महिने फॉस्फेट झिरपत राहतं.

सध्या ओव्हरफ्लोच्या, म्हणजे टाकीतलं पाणी फिल्टरकडे ओसंडतं त्या, कोपऱ्यात दोन बोटं रुंद हिरवा पट्टा आहे. मी त्याला हात लावत नाही. ब्लेनी दुपारी तिथे चरतो, आणि सासूबाई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसतात. गुरुवारचा कप्पा मात्र परवा दोनदा भरलेला सापडला.