काजूचा चीक, आंब्याचा देठ आणि खाजणारे हात

मार्च लागला की आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला हात खाजवणारी बाई दिसली तर पहिला प्रश्न ठरलेला: काजू की आंबा? औषध कुठलं ते नंतर. मला हा क्रम पटतो. खाज सगळ्यांची सारखीच दिसते, पण चिकाच्या खाजेला जे चालतं ते साबणाने फुटलेल्या हाताला चालत नाही, आणि खरजेला तर या दोन्हींतलं काहीच उपयोगी पडत नाही. म्हणून हातावर काही चोपडण्याआधी, गेल्या दोन-तीन दिवसांत हात कशाकशात होते ते आठवा.

आमच्या घरी काजू फोडायचं काम चालतं, त्यामुळे चिकापासूनच सुरुवात करते. काजूच्या टरफलात दाट, तपकिरी तेल असतं. ते कातडीला लागलं की आधी आग होते, मग बोटं काळी पडतात आणि काही दिवसांनी साल निघते. हे झालं भाजणं. दुसरा प्रकार ॲलर्जीचा. तो लगेच दिसत नाही, दीड-दोन दिवसांनी उठतो. सोमवारी लागलेला चीक बुधवारी खाजतो आणि बाई म्हणते, "आज तर मी काजूक हातच लावलंय नाय!" काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. ज्याच्या अंगावर बिब्बा उततो, त्याने ओल्या काजूपासून आणि आंब्याच्या देठापासूनही जपून राहावं. अशा माणसाने आंबा सालीसकट चोखू नये. साल काढून फोडी कराव्यात, नाहीतर ओठांभोवती पुरळ उठतं.

सगळ्यात वाईट ओला काजू. उसळीसाठी हिरव्या बिया सुरीने उभ्या चिरून गर काढताना चीक सरळ बोटांच्या पेरांत उतरतो. वाफवून वाळवलेली बी त्या मानाने सौम्य, पण टरफलातलं तेल तिच्यातही असतंच. बसण्याआधी हाताला खोबरेल किंवा एरंडेल चांगलं चोळा, नखांच्या कडांना आणि बोटांच्या बेचक्यांतही. आमच्याकडे कोणी वर चुलीची चाळलेली राख लावतात. सुरीवरची पकड सुटत नाही म्हणून राख बरी, पण हातावर आधीच चिरा असतील तर ती झोंबते. हातमोजे घालायचे तर नायट्राइलचे, म्हणजे एका कृत्रिम रबराचे, घ्या आणि आत पातळ सुती मोजे घाला. एक लक्षात ठेवा, मोज्याच्या आत चीक शिरला तर तो घामात तिथेच कोंडून राहतो. तसा मोजा टाकून द्यायचा. उलटा करून पुन्हा वापरायचा नाही.

चीक लागलाच तर नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण तो तेलातला. आधी जुन्या फडक्यावर खोबरेल घेऊन पुसून काढा. फडकं एकाच दिशेने फिरवा, म्हणजे चीक पसरत नाही. मग साबण लावून भरपूर पाण्याने धुवा. जितक्या लवकर कराल तितकं चांगलं. रॉकेलने किंवा थिनरने हात साफ करायची सवय काही ठिकाणी दिसते, ती सोडा. चीक जातो खरा, पण कातडीचं तेलही जातं आणि फुटलेल्या कातडीतून पुढचा चीक आणखी खोल जातो. हात धुऊन होईपर्यंत डोळ्यांना, तोंडाला लावू नका. हाताचं थोडक्यात निभावतं, पापणी मात्र सुजून डोळा मिटतो.

आंब्याचं सोपं आहे. देठ मोडताना चिकाची चिळकांडी उडते. म्हणून फळ थोड्या देठासकट काढा, देठ नंतर खाली धरून मोडा आणि चीक निथळू द्या.

खाज सुटल्यावर स्वच्छ फडकं गार पाण्यात बुडवून, पिळून हातावर ठेवा. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. गरम पाण्याखाली हात धरला की क्षणभर फार बरं वाटतं, पण नंतर खाज दुप्पट उसळते. फोड ओलसर असतील तर मेडिकलमध्ये मिळणारं गुलाबी कॅलामाइन लोशन बाटली हलवून लावा. हात कोरडा पडून भेगाळला असेल तर ते लावू नका, आणखी कोरडं पडेल. नखं कापा. लिंबू, चुना, टूथपेस्ट, न मिसळलेलं डेटॉल यातलं काहीही लावायचं नाही.

सुरण आणि अळूची खाज वेगळी. त्यांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत टोचतात. चिरताना हात कोरडे ठेवून तेल लावा. नंतर आमच्याकडे आमसुलाचं पाणी चोळतात, त्याने बऱ्याच जणांना उतार पडतो. हात कुठे कापलेला असेल तर मात्र नको. खाजकुयलीची कुसं लागली तर चोळायचं अजिबात नाही. चिकटपट्टी दाबून अलगद ओढायची, त्यावर कुसं निघून येतात, आणि मग धुवायचं. शेण लावा असं सांगणारी एक तरी काकी प्रत्येक वाडीत असते. खाजवून ओरखडे आलेल्या हाताला शेण म्हणजे धनुर्वाताला आमंत्रण.

पावसाळ्यातल्या तक्रारी बहुतेक पाण्याच्या आणि साबणाच्या. भांडी, कपडे, लावणी, बर्फातली कोळंबी सोलणं, हात दिवसभर ओले. अंगठीखाली साबण अडकतो आणि खाज नेमकी तिथूनच सुरू होते, म्हणून कामाआधी अंगठी काढून ठेवा. हात धुतला की बोटांच्या मधली जागाही टिपा आणि कातडी जराशी दमट असतानाच व्हॅसलिन किंवा मुठेल लावा. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. ते गोळ्यासारखं घट्ट असतं, नखाने खरवडलं तर भुगा पडतो. तो भुगा तसाच घासू नका, टोचतो. पळीत घेऊन चुलीच्या कडेला विरघळवा, कोमट झालं की भेगांत भरा आणि वर जुने सुती मोजे चढवून झोपा. महागड्या सुगंधी क्रीमपेक्षा हे कधीही बरं. वासासाठी घातलेल्या द्रव्यांनीच काहींचे हात उठतात.

आता ज्यात घरगुती काही चालत नाही ते. खाज रात्री अंथरुणात वाढते, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पुळ्या आहेत, घरात आणखी कोणी खाजवतंय, तर खरूज समजा. ती किड्यांमुळे होते, अस्वच्छतेचा तो दाखला नव्हे, उगाच लाजू नका. डॉक्टर बहुधा ५ टक्के परमेथ्रिनचं मलम देतात. ते गळ्यापासून पायाच्या तळव्यापर्यंत रात्री लावून ८ ते १४ तासांनी धुवायचं, आणि साधारण आठवड्याने पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसली तरी. लहान बाळ किंवा गरोदर बाई असेल तर आधी विचारून घ्या. कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका. किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे रेंगाळू शकते. तेवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं ठरवून रोज मलम चोपडू नका.

गोल चट्टा, कडेला उठलेला आणि मध्ये निवळलेला, तो नायटा. इथे माझा राग मेडिकलच्या काउंटरवरून मिळणाऱ्या तीन-चार औषधं एकत्र असलेल्या ट्यूबांवर आहे. त्यांत स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, पण बुरशी आत वाढत राहते आणि चट्टा ओळखू येईनासा होतो. स्टेरॉइड वाईट नाही. चिकाने उतलेल्या हातावर डॉक्टर तेच देतात आणि गुणही येतो. पण कुठल्या खाजेवर, किती जोराचं आणि किती दिवस, हे त्यांनी ठरवायचं. तळहातावर, बोटांच्या कडांना साबुदाण्यासारखे खोल फोड पुन्हा पुन्हा येत असतील तर तेही दाखवा, फोडू नका.

पू झाला, ताप आला, हातावरून वर लाल रेघ चढू लागली, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. चेहरा सुजला किंवा धाप लागली तर तेवढीही वाट पाहू नका. डॉक्टरकडे जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, अर्ध्या पिळलेल्यासुद्धा, आणि कुठलं काम करता ते त्यांनी विचारायच्या आधीच सांगा.