मुंबईत स्पोर्ट्स कार वीस वर्षं टिकवायची तर गंजाचा बंदोबस्त असा करा

सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा पातळ चकचकीत लेप), पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म), महिन्याला पॉलिश. मुंबईत महागडी गाडी घेणाऱ्यांचा बहुतेक खर्च डोळ्यांना दिसणाऱ्या भागावर होतो. पीपीएफमुळे बॉनेटवर खडे उडून टवके जात नाहीत, तेवढा त्याचा उपयोग आहे. पण गंज लागतो तो दाराखालच्या पोकळ सिलमध्ये, चाकाच्या कमानीच्या दुमडीत, ब्रेकच्या नळ्यांच्या क्लिपांखाली. तिथे सिरॅमिक पोचतच नाही. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बऱ्याचदा चाळणी झालेला असतो.

समुद्राच्या हवेतून येणाऱ्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. हवेतली आर्द्रता साधारण 33 टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी ओढून ओलं होतं, आणि मुंबईत एवढी आर्द्रता जवळजवळ बारा महिने असते. म्हणजे सांध्यात एकदा मीठ बसलं की तो सांधा जानेवारीतही नीट सुकत नाही. वरळी सी फेस किंवा बँडस्टँडजवळ नुसती उभी राहणारी गाडीही म्हणूनच गंजते.

‘आमची गाडी गॅल्व्हनाइज्ड आहे’, म्हणजे पत्र्यावर जस्ताचा थर आहे, यावर निर्धास्त राहू नका. पोर्शच्या 911 ची बॉडी 1976 च्या मॉडेलपासून हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या) पत्र्याची होऊ लागली आणि त्याचा फायदा उघड दिसतो. पण जस्त स्वतः झिजून पोलादाला वाचवतं. डेंटिंगच्या वेळी ग्राइंडरखाली गेलेलं जस्त परत येत नाही. जुनी गाडी घेताना रंगाची जाडी मोजणारं मीटर सगळीकडे लावून बघा. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो. 300 च्या वर आकडा गेला तर तिथे काम झालंय असं समजा, आणि आतल्या बाजूने तो भाग तपासा.

सगळ्यात आधी आणि फुकटात होणारं काम म्हणजे पाणी वाहून जायच्या वाटा मोकळ्या करणं. दारांच्या खालच्या कडेला, सिलच्या तळाशी, वायपरखालच्या जाळीच्या दोन्ही टोकांना आणि सॉफ्ट टॉप (कापडी छत) असेल तर सीटमागे दोन्ही बाजूंना भोकं किंवा नळ्या असतात. मुंबईत त्या तुंबवण्याचं काम गुलमोहर करतो. त्याची बारीक पानं जाळीतून सहज आत जातात, धुळीबरोबर कुजतात आणि काळा चिखल होऊन बसतात. हा चिखल आठवडाभर ओला राहतो. ग्रासकटरची 2 मिलिमीटरची नायलॉन दोरी आत सरकवून हळूहळू फिरवा, मग मगभर पाणी ओता. ते चाकामागे किंवा गाडीखाली धारेने पडायला हवं. कम्प्रेसरची हवा मारू नका. आतला नळीचा जोड निसटतो, मग पाणी थेट कार्पेटखाली जातं आणि तुम्हाला ते वास येईपर्यंत कळत नाही.

आता मुख्य काम, गाडीच्या खालून आणि पोकळ भागांत गंजरोधक वॅक्स मारण्याचं. सगळे जण मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर गॅरेजमध्ये रांग लावतात. ती वेळ चुकीची आहे. तोवर हवा दमट झालेली असते, गॅरेजवाला घाईत असतो आणि ओल्या सांध्यावर कोटिंग बसतं. जानेवारी-फेब्रुवारी धरा. पत्रा तेव्हाच सगळ्यात कोरडा असतो.

गाडी लिफ्टवर घ्या, चाकं, कमानीतली प्लास्टिकची लायनर आणि खालची अंडरट्रे काढा. लायनर न काढता जो ‘अंडरबॉडी कोटिंग’ करून देतो, त्याच्याकडून गाडी परत आणा. लायनरच्या मागे, कमानीच्या दुमडीवर, मूठमूठ माती सापडते आणि गंजाची सुरुवात बहुधा तिथेच असते. ती माती आधी हाताने काढा, मग पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरची धार बेअरिंग, रबरी बूट आणि सेन्सरवर थेट धरू नका. धुतल्यावर किमान 24 तास पंख्यासमोर सुकवा. सांध्यांत 48 तासही लागतात.

वरवरचा गंज वायर ब्रशने, मग 80 आणि 120 च्या पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. रस्ट कन्व्हर्टर फक्त खड्ड्यांत उरलेल्या गंजाला. त्यातलं फॉस्फरिक ॲसिड नीट न धुता वर इपॉक्सी मारलं तर इपॉक्सी धरत नाही आणि वर्षभरात पापुद्रा सुटतो. दोन भागांच्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, सांध्यांवर पॉलियुरेथेन सीम सीलर, त्यावर रंग, आणि शेवटी वॅक्स. पत्रा आरपार गेला असेल तर कापून नवा तुकडा वेल्ड करणं हाच उपाय आहे. भोकावर पुट्टी भरली की ती मागून पाणी धरून ठेवते.

खालच्या भागाला काळं रबर-डांबरी कोटिंग लावायचा आग्रह होतो. नव्या, स्वच्छ पत्र्यावर ते चालतं. पण ते कडक झाल्यावर एखादा स्पीडब्रेकर घासला की चिरतं, चिरेतून पाणी आत शिरतं आणि वरून सगळं ठाकठीक दिसतं. जमिनीला टेकणाऱ्या गाडीला मऊ राहणारं वॅक्स किंवा लॅनोलिनवालं (लोकरीतल्या मेणाचं) द्रव्य बरं. ते दर वर्षी पुन्हा मारावं लागतं, पण खालचा पत्रा दिसत तरी राहतो.

पोकळ भागांसाठी कॅव्हिटी वॅक्स आणि चारी बाजूंना फवारणारी लांब लवचिक नळी हवी. दोन सीटच्या गाडीला साधारण तीन लिटर आत आणि दोन लिटर खाली धरून चला. नळी टोकापर्यंत घाला आणि फवारत फवारत बाहेर ओढा. नवी भोकं पाडू नका. कंपनीची रबरी बुचं असलेली भोकं पुरतात आणि ड्रिलमुळे गंजाची वॉरंटीही धोक्यात येते. सीटबेल्टची रीळ, दारातल्या मोटर, ब्रेक डिस्क आणि सायलेन्सर झाकून घ्या. काम झाल्यावर पाण्याची भोकं पुन्हा दोरीने मोकळी करा, कारण वॅक्सच ती बुजवतं. आठवडाभर गाडीखाली थेंब पडतील. सोसायटीची फरशी असेल तर पुठ्ठा टाका.

पंक्चरवाला जॅक थेट सिलच्या खालच्या शिवणीला लावतो. शिवण चेपते, रंग तडकतो, आणि पुढच्या पावसात तिथून सुरुवात होते. तुमच्या गाडीच्या जॅक पॉइंटला बसणारा रबरी पॅड डिकीत ठेवा आणि तोच लावायला सांगा.

रोजच्या धुण्याचंही बघा. बिल्डिंगमध्ये गाड्या धुणारा बोअरिंगच्या पाण्याची बादली आणत असेल तर टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारं) एकदा बुडवा. किनाऱ्यालगतच्या बोअरचं पाणी खारट निघू शकतं. 500 च्या वर आकडा असेल तर शेवटचं पाणी पालिकेच्या नळाचं घ्या. ओल्या गाडीवर वॉटरप्रूफ कव्हर घालणं म्हणजे पत्र्याला वाफेत ठेवणं. रेल्वे रुळांजवळ किंवा मेट्रोच्या कामाजवळ पार्किंग असेल तर पांढऱ्या रंगावर नारिंगी ठिपके येतात. तो लोखंडाचा कीस असतो, आयर्न रिमूव्हरने जांभळा होऊन निघतो. खरवडू नका.

भरतीच्या दिवसांची यादी पालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. 4.5 मीटरच्या वरच्या भरतीला मरीन ड्राइव्हवर उडणारं पाणी हे पावसाचं पाणी नव्हे, समुद्राचं आहे. त्या दिवशी तिकडे गेलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडीचं पोट आणि कमानी पंधरा मिनिटं धुवा, मग 20-25 मिनिटं चालवून सुकवा. एवढ्या फेरीत सायलेन्सरमधलं पाणीही उडून जातं. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक लावून सोडू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा. नाहीतर पॅड चिकटतात.

बॅटरीला जोडायच्या ‘इलेक्ट्रॉनिक’ गंजरोधक डब्या घेऊ नका. ते तंत्र पाण्यात बुडालेल्या जहाजाला आणि पुरलेल्या पाइपला चालतं. हवेत उभ्या गाडीला नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी गाडी पुन्हा लिफ्टवर घ्या. ब्रेकच्या पोलादी नळ्या क्लिपमधून सोडवून क्लिपखालचा भाग बघा. नखाने पापुद्रा निघत असेल तर वॅक्सचा विषय नाही, नळी बदला. तांबे-निकेलची घेतली तर ती गंजत नाही.