दोरी काढली तरी वाकडंच राहणारं धनुष्य

सागवानाचं धनुष्य दोरी उतरवल्यावरही वाकलेलंच राहायचं आणि बाण जेमतेम अंगण ओलांडायचा. मग सुताराकडून साग, बाभूळ, धामण आणि बांबूच्या सारख्या मापाच्या पट्ट्या काढून घेतल्या. दोन स्टुलांवर पट्टी आडवी ठेवायची आणि मधोमध पाण्याची बादली टांगायची. पट्टी किती वाकते हे बघायचंच, पण खरी परीक्षा बादली काढल्यावर. पूर्ण सरळ होते की बाक धरून बसते?

जाडी मात्र काटेकोर सारखी हवी. ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो. १० मिमीची पट्टी ८ मिमी झाली की ताठपणा जवळजवळ निम्मा, आणि मग तुलना कसली!

साग ताठ निघाला, पण बाक राहिला. बाभळीच्या पट्टीत गाठ होती, तिचा निकाल मी धरलाच नाही. धामण भरपूर वाकून सरळ झाली. कावडीच्या दांड्याला ती उगाच वापरत नाहीत. इंग्लंडमध्ये पूर्वी ज्याची धनुष्यं करत, त्या यू वृक्षाचं लाकूडही असंच: फार ताठ नाही, पण मोडण्याआधी खूप वाकतं.

शेवटी धामणीचा दांडा घेतला. धनुष्याची पाठ, म्हणजे बाण मारणाऱ्यापासून दूरची बाजू, ताणली जाते; पोट, म्हणजे त्याच्याकडची बाजू, दाबलं जातं. बांबूचे तंतू सालीलगत सर्वांत दाट, म्हणून साल बाहेर ठेवून पाठीवर बांबूची पट्टी इपॉक्सीने चिकटवली. रंधा फक्त पोटाकडून मारला. सालीला हात लावायचा नाही, पेरांचे उंचवटेही थोडे राहू द्यायचे. आता दोरी काढल्यावर बोटभरही बाक उरत नाही.