पाइल कॅपची जाडी आणि पाइलवरचा भार: वाटणी कशी तपासावी

नऊ पाइलच्या (जमिनीत खोल गेलेल्या पायाच्या खांबांच्या) गटावर 9000 किलोन्यूटनचा कॉलम आला, की प्रत्येकी 1000 लिहून मोकळे व्हायची सवय लागते. कॅप, म्हणजे पाइलची डोकी जोडणारा काँक्रीटचा ठोकळा, अजिबात वाकत नाही आणि सारख्या भाराला सगळे पाइल सारखेच खचतात, असे धरले तरच तो भागाकार बरोबर असतो. म्हणून आधी जाडी तपासा.

सुरुवात टेपने करा. कॉलमच्या मध्यापासून सर्वांत लांबच्या पाइलच्या मध्यापर्यंत किती अंतर आहे? तीन-तीनच्या चौकोनात, 1.5 मीटर अंतरावरच्या पाइलसाठी ते सुमारे 2.1 मीटर भरते. ढोबळ नियम असा की हे अंतर जाडीच्या दुपटीहून जास्त नसावे. म्हणजे इथे साधारण 1.1 मीटर जाडी हवी. 700 मिलिमीटरची कॅप मधोमध वाकते, कॉलमखालचा पाइल 1000 पेक्षा बराच जास्त भार उचलतो आणि कोपऱ्यातले त्या मानाने रिकामे राहतात.

मग नेमका हिशोब. भारचाचणीत 1000 किलोन्यूटनला पाइल 5 मिलिमीटर खचला असेल, तर गणितात त्याच्या जागी मिलिमीटरमागे 200 किलोन्यूटनची स्प्रिंग धरा. कॅप प्लेट म्हणून मांडा. शिअरमुळे (थर एकमेकांवरून सरकवू पाहणाऱ्या बलामुळे) होणारी विकृती धरणारी जाड प्लेटच निवडा, नाहीतर कॅप आहे त्याहून ताठ दिसेल. 700, 1000 आणि 1400 मिलिमीटर अशा तीन जाड्या घालून मधल्या आणि कोपऱ्यातल्या पाइलचे आकडे शेजारीशेजारी लिहा. वाकण्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो; जाडी दुप्पट झाली की तो आठपट होतो.

इथेच बरेच जण थांबतात, आणि ते मला धोक्याचे वाटते. सुट्या स्प्रिंगना शेजारच्या पाइलची जाणीव नसते. प्रत्यक्षात, विशेषतः घर्षणावर उभ्या पाइलमध्ये, मधल्या पाइलभोवतीची माती शेजाऱ्यांच्या भारानेही दबते. कॅप फार ताठ असेल तर सगळ्यांना सारखेच खचावे लागते, आणि तेवढ्यासाठी कोपऱ्यातल्या पाइलला जास्त भार घ्यावा लागतो. त्यामुळे जाड कॅपमध्ये कोपरे तपासा, पातळ कॅपमध्ये मधला पाइल. कोपऱ्यांच्या स्प्रिंग थोड्या ताठ आणि मधली मऊ करून गणित पुन्हा चालवले, तरी अंदाज येतो.

जाडी वाढवताना वजनही मोजा. 3.8 मीटर चौरस कॅप 700 वरून 1400 केली, तर सुमारे 250 किलोन्यूटन वाढतात, पाइलमागे 28. पंचिंग शिअर (कॉलम किंवा पाइल कॅप भोसकून जाण्याचा धोका) आणि कॉलमच्या सळ्यांची पकड यांसाठी लागणारी जाडी वेगळी काढा. तिन्हींतली मोठी ठेवा.