पळस, पांगारा की काटेसावर? खाली पडलेलं फूल बघा

फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यातल्या पाषाण किंवा कात्रज तलावाकडे फिरताना पानं झडलेल्या झाडावर लाल फुलं दिसली की नावांचा हमखास गोंधळ होतो. अशा वेळी झाडाखाली पडलेलं ताजं फूल उचला.

पाच जाड, मांसल पाकळ्या आणि मध्ये पुंकेसरांचा झुबका असेल तर काटेसावर. केशरी, पोपटाच्या चोचीसारखं वाकडं आणि देठाजवळची वाटी काळपट मखमली, तर पळस. त्या वाटीवरून बोट फिरवून बघाच, फार सुंदर लागते. लालभडक आणि एकच पाकळी बाकीच्यांपेक्षा मोठी, तर पांगारा. तरीही शंका उरली तर खोड, फांद्या बघा: पळसाला काटे नसतात.

पाण्यालगत भोंग्यासारखी फिकट जांभळी फुलं दिसतात ती बेशरम नावाची वनस्पती. ती विषारी आहे, मुलांना तोडू देऊ नका.