ग्वाल्हेरच्या बैठकीत पहिल्यांदा जाताना

लग्न होऊन किंवा बदलीवर ग्वाल्हेरला आलेली मंडळी विचारतात, "काकू, गाण्याला यायचंय, पण तिथं वागायचं कसं?" जुन्या श्रोत्यांना विचाराल तर ते "या, बसा, ऐका" एवढंच म्हणतील. रीत तुम्हालाच उचलावी लागते.

पहिल्या दिवशी अगदी पुढं बसू नका. एखाद्या जाणत्या श्रोत्याच्या तिरकं मागं जागा धरा आणि गायकाइतकंच त्याच्या हाताकडं लक्ष ठेवा. तिलवाडा तालाच्या १६ मात्रा त्याच्या मांडीवर चालू असतात. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, मान हलते, दाद बहुधा तिथंच निघते. ग्वाल्हेर घराण्यात ख्यालाची स्थायी नि अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन्ही भाग, सुरुवातीलाच नीट मांडतात. तेवढा वेळ आमच्याकडचे जाणते गप्प असतात, कारण बंदिश आधी पुरी कानात जाऊ द्यायची असते. ही गप्प बसण्याची रीत आधी घ्या, दाद नंतर. सम कळली नसताना केलेलं "वाह" शेजारच्याला लगेच ओळखू येतं.

लोक काय करत नाहीत, ते जास्त बघा. राग चालू असताना कुणी उठत नाही. जायचंच असेल तर तंबोरे पुन्हा जुळवताना, कडेकडेनं. कलाकाराकडं कुणाचे पाय नसतात. भैरवी झाल्यावर कुणी फर्माईश करत नाही. आणि मध्येच फोन वाजला, तर ज्याचा वाजला त्याच्याकडं नको, बाकीच्यांच्या चेहऱ्यांकडं बघा. तिथं नियम स्पष्ट दिसतो.

एकाच जागी शिकून मात्र भागत नाही. डिसेंबरात हजिऱ्याला, तानसेनच्या समाधीपाशी समारोह होतो. शहनाई, हरिकथा आणि मीलादनं सुरुवात, मोठा मंडप, थंडी, माणसांची ये-जा. तिथं मधेच शाल सारखी करून चहाला जाणारे गृहस्थ शहरातल्या लश्कर भागातल्या घरगुती बैठकीत शेवटपर्यंत मांडी मोडत नाहीत. एकाच माणसाला दोन्हीकडं पाहिलंत, की कुठली सूट जागेमुळं मिळते आणि कुठली रीत कुठंच सुटत नाही, ते उमगतं. माझ्या मते शिकण्याचा हा सगळ्यात पक्का मार्ग.

मध्यंतरात चहा घेताना विचारा, पण "नियम काय?" असं नको. "त्या तानेनंतर सगळे एकदम का हसले?" असं नेमकं विचारा. एरवी अबोल असलेले आजोबासुद्धा मग तानेच्या शेवटची तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा, हातावर वाजवून दाखवतात, आणि पुढच्या वेळी शेजारी जागा धरून ठेवतात.